चिनी अक्षरांचे दागिने : अर्थ लावताना या चुका टाळा

चिनी अक्षरे असलेला दागिना हाती आला की लोक थेट अर्थ शोधू लागतात. परंतु ती अक्षरे आशीर्वादाची आहेत, नाण्यावरची आहेत की धातूच्या शुद्धतेचा शिक्का आहेत, हे आधी ठरवले नाही, तर प्रत्येक अक्षराचा अर्थ बरोबर लागूनही उत्तर चुकते.

सर्वाधिक घोळ नाण्यांबाबत होतो. आपल्याकडे फेंगशुईच्या वस्तूंमध्ये लाल दोऱ्यात ओवलेली, मधोमध चौकोनी भोक असलेली नाणी मिळतात आणि त्यांवरील चार अक्षरांना समृद्धीचा मंत्र समजले जाते. ही बहुधा चीनच्या छिंग राजघराण्याच्या राजवटीतील नाण्यांची नक्कल असते. चियानलोंग सम्राटाच्या (कारकीर्द १७३५ ते १७९६) नाण्यावर वर ‘चियान’, खाली ‘लोंग’, उजवीकडे ‘थोंग’ आणि डावीकडे ‘बाओ’ असते. पहिल्या दोन अक्षरांत कारकिर्दीचे नाव आहे, तर उरलेल्या दोहोंचा अर्थ चलनी नाणे, इतकाच. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल वाचत गेल्यास ते नावच तुटते. मागील बाजूची उभी वळणदार लिपी मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांची, असून ती टांकसाळ सांगते. शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ हा जसा मंत्र नव्हे, तसाच हा मजकूरही नव्हे.

दुसरी चूक अंगठीच्या आतील किंवा कडीजवळील बारीक अक्षरांची. तेथे ‘त्सू-जिन’ असे असेल, तर भाषांतर करणारे अ‍ॅप ‘पाय’ आणि ‘सोने’ असे काहीतरी सांगू शकते, कारण ‘त्सू’ या अक्षराचे ‘पाय’ आणि ‘पुरेसे’ असे दोन्ही अर्थ आहेत. येथे दुसरा अर्थ लागू होतो : हजारात किमान ९९० भाग सोने. आपले २२ कॅरेट म्हणजे ९१६, हे लक्षात घेता हा दावा मोठा आहे. म्हणून केवळ शिक्क्यावर विसंबून पैसे मोजू नयेत, सराफाकडून कस तपासून घ्यावा.

चित्रांचा अर्थ आपल्या सवयीने लावणेही टाळावे. वटवाघूळ आपल्याला अशुभ वाटते. चिनी भाषेत मात्र त्याच्या नावातील ‘फू’ हा उच्चार सुदैवासाठीच्या ‘फू’ अक्षरासारखाच असल्याने ते दागिन्यांवर हौसेने कोरले जाते. डावीकडे वळलेले स्वस्तिक हीदेखील कारागिराची चूक नसते. चिनी बौद्ध परंपरेत ते शुभच आहे.

जोडअक्षरासारखे दिसणारे ‘दुहेरी आनंद’ हे चिन्ह प्रामुख्याने विवाहाचे आहे, त्यामुळे ते वाढदिवसाच्या भेटीसाठी निवडू नये. फोनच्या कॅमेऱ्याला अक्षर ओळखता आले नाही, तर ते बनावट ठरवण्यापूर्वी दागिना उलटा धरून पाहावा, आणि छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे तर निघाले नाही ना, हेही तपासावे. दीर्घायुष्याचे ‘शोउ’ अक्षर तर अनेकदा वर्तुळात बसवून इतके नक्षीदार केलेले असते की यंत्राला ते अक्षर वाटतच नाही. अशा वेळी चिनी वाचणाऱ्या व्यक्तीलाच विचारणे बरे.