बीपीसी-१५७ घ्यायचा विचार चाललाय? आधी हे बघून घ्या

जिममधला कोणीतरी सांगतो की खांदा दुखतोय ना, मग बीपीसी-१५७ मार, दोन आठवड्यात मोकळा होशील, आणि आपण लगेच ऑनलाइन शोधायला लागतो. थांबा जरा.

आधी हे काय आहे ते कळू द्या. १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी, लॅबमध्ये बनवलेली. बरंचसं काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका टीमचं, आणि तेही मुख्यतः उंदरांवर. उंदरांमध्ये स्नायूबंध लवकर जुळले, सूज कमी झाली, हे खरंय, म्हणून तर एवढी हवा झाली. पण माणसांवरचे अभ्यास अगदी मोजके आणि छोटे, आणि दुखणं तर नुसत्या आरामानेही कमी होतं, मग श्रेय कोणाला द्यायचं?

आता धोका. हे नवीन रक्तवाहिन्या वाढवतं असं दिसलंय, जखमेला ते बरं, पण शरीरात कुठे गाठ लपलेली असेल तर तिलाही रक्त मिळेल ही भीती आहे, सिद्ध झालेलं नाही पण नाकारलेलंही नाही. म्हणून घरात कॅन्सरची हिस्टरी असेल तर विषयच सोडा.

बाटलीवरचं लेबल नीट वाचा. ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलंय म्हणजे आत काय आणि किती आहे याची हमी नाही, निर्जंतुक आहे का तेही देव जाणे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२३ मध्ये सुरक्षेची शंका असलेल्या पदार्थांत याला टाकलं. स्पर्धा खेळत असाल तर वाडाची (खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) २०२२ पासून बंदी आहे.

तरी मन मानत नसेल तर आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, दुखतंय नेमकं कशाने ते कळू दे. आधीच घेऊन बसला असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बाटलीच घेऊन जा.