कॉर्डलेस यंत्रांसाठी बॅटरी प्लॅटफॉर्म कसा निवडावा

कॉर्डलेस यंत्रे घ्यायला दुकानात गेलेल्या कारागिराच्या हातात आधी ड्रिल ठेवले जाते, आणि चुकीच्या खरेदीची सुरुवात तिथूनच होते. संचातल्या जड यंत्रांच्या मानाने ड्रिलला कमीच करंट लागतो. ते कोणत्याही बऱ्या कंपनीचे घेतले तरी बिजागरीचे स्क्रू बसतातच. कारागीर प्रत्यक्षात विकत घेत असतो ती बॅटरी, कारण पुढची कित्येक वर्षे प्रत्येक नवे यंत्र त्याच बॅटरीच्या खाचेत बसणारे घ्यावे लागते. मी मुंबईत वीस वर्षे मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवतो आहे. या काळात मी तीन बॅटरी प्लॅटफॉर्म, म्हणजे एकाच खाचेच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या मालिका, बदलले आणि त्यांतले दोन बदल माझ्या अज्ञानामुळे झाले.

पहिली पायरी म्हणजे पुढच्या तीन वर्षांत लागतील त्या सर्व यंत्रांची यादी करावी आणि ज्याला सर्वांत जास्त ताकद लागते ते यंत्र सर्वांत वर लिहावे. ते आपल्याला हवे तसे ज्या कंपनीकडे नसेल, तिचा विचार तिथेच सोडून द्यावा.

आमच्या कामात हे वरचे यंत्र कोणते, हे इमारत ठरवते. जुन्या चाळीत किंवा चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायटीत विटांची भिंत असते आणि हॅमर मोड असलेले साधे ड्रिल तिथे पुरते. उपनगरांतल्या नव्या टॉवरांत मात्र ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती भेटतात, ज्यांना साइटवर सगळे मिवानच्या भिंती म्हणतात. अशी भिंत आरपार आरसीसीची असते आणि तिच्यात एसडीएस-प्लस चक (खाचांचा बिट पकडणारा जबडा) असलेल्या रोटरी हॅमरशिवाय, म्हणजे जोरदार ठोके देत फिरणाऱ्या यंत्राशिवाय, भोक नीट पडत नाही. ज्याचे काम ग्राइंडरचे किंवा सर्क्युलर सॉचे आहे, त्याने आपल्या यादीत ते यंत्र वर लिहावे.

यानंतरची पायरी बॅटरीवरचे आकडे समजून घेण्याची. मी अडकलो तो इथेच, म्हणून हे सविस्तर लिहितो. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये ओव्हरहेड कॅबिनेटांच्या पट्टीसाठी १० मिलिमीटरची चौदा भोके पाडायची होती. माझ्याकडे १८ व्होल्टचा रोटरी हॅमर होता आणि ड्रिलच्या संचाबरोबर मिळालेल्या २ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) दोन बॅटऱ्या होत्या. चौथ्या भोकाला यंत्र थांबले. बॅटरी काढली तर हाताला चटका बसेल इतकी तापलेली, आणि चार्जरवर लावल्यावर तापमानाचा लाल दिवा लुकलुकू लागला. दुसऱ्या बॅटरीचीही तीच गत झाली. सोसायटीत आवाजाच्या कामाची वेळ संध्याकाळी पाचला संपत होती. पाच वाजता पाच भोके पडलेली होती आणि ग्राहक ताई दारात उभ्या होत्या. यंत्र विकणाऱ्याने मला सांगितले होते की १८ व्होल्ट म्हणजे १८ व्होल्ट, बॅटरी लहान असली तर फक्त लवकर संपेल. हे साफ खोटे आहे, आणि आजही हेच सांगितले जाते.

बॅटरीच्या आत लिथियम-आयनचे सेल असतात आणि प्रत्येकाचा व्होल्टेज सरासरी ३.६ असतो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर हाच सेल ४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून काही कंपन्या त्याच पाच सेलच्या बॅटरीवर २० व्होल्ट मॅक्स असे छापतात. १८ आणि २० यांत ताकदीचा काहीही फरक नाही. त्याच न्यायाने १२ व्होल्ट मॅक्स म्हणजे तीन सेल, खरे तर १०.८ व्होल्ट. स्वस्त बॅटऱ्यांवर ४८ व्हीएफ किंवा ८८ व्हीएफ असे आकडे दिसतात, त्यांचा व्होल्टशी संबंध नसतो. आत सहसा तेच एकामागे एक जोडलेले पाच सेल असतात.

आता करंटचे गणित पाहावे. २ एएचच्या नेहमीच्या बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते. ४ किंवा ५ एएचच्या बॅटरीत सहसा अशा दोन रांगा शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात. कठीण काँक्रीटमध्ये यंत्राने ४० अँपिअर करंट मागितला, तर एका रांगेच्या बॅटरीत प्रत्येक सेलला पूर्ण ४० अँपिअर सोसावे लागतात आणि दोन रांगांच्या बॅटरीत २०. यंत्रांसाठी बनवलेला चांगला सेलही सलग २० ते ३० अँपिअरच झेपवतो. करंट दुप्पट झाला की आत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, म्हणूनच माझी लहान बॅटरी संपण्याआधी तापून बंद पडत होती. त्यानंतर मी त्याच रोटरी हॅमरला ५ एएचची बॅटरी लावली आणि उरलेली नऊ भोके दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी पाडली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: रोटरी हॅमर, ग्राइंडर आणि सॉ यांना दहा सेलपेक्षा कमी बॅटरी लावायची नाही. डोक्याच्या वर हात करून स्क्रू मारायचे असतील, तेव्हा मात्र लहान बॅटरीच घ्यावी, कारण तिथे हलकेपणा महत्त्वाचा असतो.

सेल किती आहेत हे बॅटरी न उघडता वजनावरून कळते. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जुन्या मापाचा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. २१ बाय ७० मिलिमीटरचा नवा सेल ७० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे दहा सेलच्या बॅटरीत नुसते सेलच किमान साडेचारशे ग्रॅमचे असतात आणि प्लास्टिक, पट्ट्या, सर्किट धरून ती सहाशेच्या पुढे जायला हवी. मी नागदेवी स्ट्रीटला खरेदीला जाताना खिशात लहान डिजिटल काटा ठेवतो. एकदा ६ एएच छापलेली जाडजूड बॅटरी मी गल्ल्यावरच तोलली, ती ३९० ग्रॅम भरली. म्हणजे खोके दहा सेलचे आणि आत पाच. जुन्या मापाच्या एका सेलची क्षमता साडेतीन एएचच्या फारशी पुढे जात नाही आणि एकामागे एक जोडल्याने एएच वाढत नाहीत, त्यामुळे अशा पाच सेलमध्ये ६ एएच बसणे शक्यच नाही.

आता नव्या गोष्टींविषयी. नवे निघणार आहे म्हणून थांबा, हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण काम आज उभे असते. नव्यात खरे काय आहे ते मात्र समजून घ्यावे. साध्या सेलमध्ये गुंडाळलेल्या पत्र्यातला करंट एक-दोन अरुंद पट्ट्यांतून बाहेर येतो. टॅबलेस सेलमध्ये पत्र्याची संपूर्ण कडा जोडलेली असते, त्यामुळे अंतर्गत रोध कमी होतो आणि तोच सेल कमी तापतो. ही सुधारणा खरी आहे, आणि असा सेल आपल्या प्लॅटफॉर्मच्या जुन्याच खाचेत बसणाऱ्या बॅटरीत आला, तर हातातले यंत्रसुद्धा सुधारते. दुसरा बदल व्होल्टेजचा. १००० वॅटसाठी १८ व्होल्टवर सुमारे ५५ अँपिअर लागतात, ३६ व्होल्टवर सुमारे २८. म्हणून जड यंत्रे वरच्या व्होल्टेजकडे सरकत आहेत.

इथे दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: नवी बॅटरी माझ्या जुन्या यंत्राला लागेल का? डिवॉल्टची २०१६ साली आलेली फ्लेक्सव्होल्ट बॅटरी त्यांच्या १८ व्होल्टच्या यंत्रांनाही चालते, आणि हायकोकीच्या मल्टिव्होल्टमध्येही ही सोय आहे. मकिटाची ४० व्होल्ट मॅक्सची मालिका मात्र त्यांच्या २००५ पासूनच्या १८ व्होल्टच्या मालिकेपासून संपूर्ण वेगळी आहे. नव्या चार्जरवर जुनी बॅटरी लावायचा अडॅप्टर मिळतो, पण यंत्रे एकमेकांच्या बॅटऱ्या घेत नाहीत. दोन्ही पद्धतींत यंत्रे उत्तम आहेत, फक्त दुसरीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या आणि दोन चार्जर किंवा तो अडॅप्टर सांभाळायची तयारी हवी. अनेक कंपन्यांनी एकच बॅटरी वाटून घेण्याच्या योजनाही आहेत, जसे मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेली कॅस किंवा बॉशची ॲम्पशेअर. त्यांतले आपल्याला हवे ते यंत्र आणि त्याची दुरुस्ती मुंबईत मिळत असेल, तरच त्यांचा उपयोग मोजावा.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडणारे तिऱ्हाइताचे अडॅप्टर मी साइटवर येऊ देत नाही. बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरू नये म्हणून करंट तोडण्याचे काम काही प्लॅटफॉर्ममध्ये बॅटरी करते आणि काहींमध्ये यंत्र करते; अडॅप्टर मध्ये आला की ते कुणीच न करण्याची शक्यता असते, आणि एका दुपारी सेल कायमचे मरतात.

बाकीचे सोपे आहे. दोन ५ एएच आणि एक २ एएच एवढ्या बॅटऱ्या एका माणसाला पुरतात. चार्जर किती अँपिअरचा आहे ते पाहावे. २ अँपिअरवर ५ एएचची बॅटरी अडीच तासांहून जास्त घेते. पक्के बिल घ्यावे आणि बॅटरीचा नंबर त्यावर लिहून घ्यावा. गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्ज करू नये, बंद टेम्पोत उन्हात ठेवू नये, आणि पावसाळ्यात बरेच दिवस काम नसेल तर निम्मी चार्ज करून कोरड्या कपाटात ठेवावी.

कामासाठी विमानाने जायचे असेल तर यंत्र चेक-इनच्या सामानात आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये न्याव्यात. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास, ती १०० च्या आत असल्याने चालते. ८ एएचची १४४ होते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये आणि भंगारवाल्याला फोडू देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा तिच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी.