एकच गाडी असेल तर हायवेवरचा टायर आणि रिपेरिंगचा खर्च कसा आवरायचा

स्वतःची एकच मालाची गाडी, म्हणजे ट्रक, चालवणारे आपणच, बँकेचा हप्ता चालू. अशा माणसाला डिझेल आणि टोल किती लागणार ते आधीच माहीत असतं, महिन्याचं गणित बिघडतं ते टायर आणि रस्त्यात निघालेल्या कामामुळे. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याचा स्वतःचा फिटर असतो, गोडाऊनला टायर पडलेले असतात, एक गाडी बसली की दुसरी माल उचलते. आपण मात्र रात्री दोन वाजता धुळ्याच्या पुढे कुठेतरी उभे, माल वेळेत पोचला नाही तर मालवाली पार्टी भाड्यातून कापणार, आणि समोरच्या दुकानदाराला हे सगळं आपल्या तोंडावर दिसत असतं. मग तो भाव कामाचा लावत नाही, आपल्या अडचणीचा लावतो. म्हणून रस्त्यावर फक्त गाडी हलती होईल एवढंच काम करायचं, बाकीचं सगळं ओळखीच्या ठिकाणी करायचं आणि त्याचा पैसा आधीच बाजूला टाकायचा.

आधी पैशाचं बघू. दहा टायरची गाडी धरा. चांगल्या कंपनीचा १०.०० आर २० किंवा २९५/९० आर २० मापाचा रेडियल टायर घेतला तर साधारण वीस हजाराच्या वर जातोच, आपण बावीस धरू, म्हणजे दहाचे २,२०,००० झाले. समजा सेट एक लाख किलोमीटर चालला तर किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे नुसते रबराचे, आणि महिन्याला ८,००० किलोमीटर गाडी पळत असेल तर १७,६०० रुपये. ही रक्कम भाडं हातात आल्या आल्या वेगळ्या खात्यात टाका, नुसती वहीत लिहून उपयोग नाही कारण वहीतला पैसा हप्त्याला जातो. घाटाची लाइन असेल, खाणीवर नाहीतर मुरमाच्या साइटवर गाडी जात असेल तर लाख किलोमीटर विसरा, आपल्या गाडीचा खरा आकडा धरा. आणि ओव्हरलोड. २०१८ ला सरकारने लोडची मर्यादा वाढवली, दहा टायरची गाडी स्वतःच्या वजनासकट २५ टनावरून २८.५ टन पास झाली, त्याच्यावर टाकलेल्या टनाचं भाडं आज मिळतं पण त्याची किंमत टायर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ब्रेकच्या लायनरमधून नंतर जातेच. भाडं ठरवताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

नवीन टायरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कुणी जुन्या लिस्टचा भाव सांगत असेल तर पक्कं बिल मागून टॅक्स बघा. साइडवॉलवरचे चार आकडे पण वाचा, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

रिमोल्डिंगला, म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याला, नाक मुरडू नका, नव्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी पैशात मागच्या एक्सलचं काम होऊन जातं. फक्त केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, चांगलं राहिलं पाहिजे. कायद्याने १.६ मिलीमीटर नक्षी लागते पण तिथपर्यंत घासत बसलात तर आतल्या तारेला मार लागलेला असतो, साधारण तीन मिलीमीटरला उतरवला तर केसिंग कामाचं राहतं. टायर देताना सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा म्हणजे आपलंच केसिंग परत येतं. पुढच्या दोन्ही जागांवर मात्र नवेच टायर, तिथे काटकसर नको, पुढचा फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

हवेबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो. टॉमी (लोखंडी दांडा) टायरवर मारून आवाज ऐकायची आपल्या सगळ्यांना सवय आहे, त्याने पूर्ण बसलेला टायर कळतो, हवा वीस पॉइंट (पीएसआय) कमी असलेला कळत नाही. चांगला गेज स्वतःचा घ्या. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना बघा, मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवापण बघा, तिथे हात पोचत नाही म्हणून तोच कायम राहून जातो. जोडीतला एक कमी असला की सगळा लोड दुसऱ्यावर येतो आणि मग दोन्ही जातात. दोघांच्या मध्ये अडकलेला दगड तिथल्या तिथे काढा. चालून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसते ती सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. समृद्धीवर जाणार असाल तर हे सगळं चढायच्या आधीच करा, ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट, त्यात विदर्भातला एप्रिल-मेचा दुपारचा ताप, कमी हवेचा टायर तिथे तापून फुटतोच, आणि टायर घासलेले दिसले तर आरटीओवाले अडवू शकतात.

आता पंक्चरचं दुकान. गाडी लावायच्या आधी भाव विचारा, आणि नुसतं "पंक्चर किती" असं विचारू नका, खोलणं, पंक्चर, बसवणं, हवा सगळं मिळून किती, आतला टायर असेल तर किती, गट्टा (टायरला आतून लावायचं ठिगळ) टाकावा लागला तर त्याचे वेगळे किती, हे एका दमात विचारून घ्या. नंतर चहाला ढाब्यावर जाऊ नका. ट्यूब बाहेर निघाली की तिथेच उभे राहा, पाण्याच्या टाकीत ती तुमच्यासमोर फिरवायला लावा, बुडबुडा येईल तिथे खडूची खूण करा आणि भोकं मोजा. ट्यूब आत नेली आणि बाहेर येताना एकाची तीन भोकं झाली हे बऱ्याच ड्रायव्हरांनी बघितलंय. टायरच्या आतून हात फिरवायला लावा, खिळा आतच राहिला तर दहा किलोमीटरवर परत तेच. ट्यूब आणि डिशच्या मधला रबरी पट्टा, म्हणजे फ्लॅप, फाटलेला असेल तर तो बदलाच, तिथे दोन पैसे वाचवू नका.

आणि एक जिवाची गोष्ट. टायर जागेवर धरणारी लोखंडी रिंग असलेल्या, म्हणजे लॉकरिंगच्या, डिशवरच्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहायचं नाही, पंक्चरवाल्यालाही उभं राहू द्यायचं नाही. रिंग नीट बसली नसेल तर गोळीसारखी उडते, माणसं गेलीत यात. रिंगची बाजू जमिनीकडे करा नाहीतर डिशमधून साखळी आवळा आणि लांब पाइपने हवा भरा. बसलेल्या हवेवर बरंच अंतर चाललेला रेडियल पण तसाच धोकादायक, त्याची साइडवॉल आतून चिरडलेली असते, तो भरूच नका, स्टेपनी लावा.

मिस्त्रीच्या कामाला पण नियम तोच, खोलायच्या आधी बोलायचं. मजुरी किती, पार्ट कुठल्या कंपनीचा, जुना पार्ट आपल्या हातात परत. एकदा हब खोलून ठेवला की बोलणी त्याच्या हातात जातात. केबिनमध्ये फॅन बेल्ट, एअर पाइपचा तुकडा आणि जॉइंट, डिझेल फिल्टर, होजच्या क्लिपा, फ्यूज, एक ट्यूब-फ्लॅप आणि स्वतःचा जॅक-टॉमी ठेवला तर रस्त्यावरची बरीच कामं स्वतःच होतात. लायनर, क्लच प्लेट, ग्रीसिंग, अलाइनमेंट ही कामं कळंबोली, निगडीची ट्रान्सपोर्ट नगरी, नाशिकचं आडगाव, नागपूरचं वाडी अशा ठिकाणी दोन-तीन दुकानं फिरून करा, शेजारी शेजारी दुकानं असली की भाव आपोआप खाली येतो. बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीचा इंजिनचा लाइट लागला आणि पिकअप गेला तर वायर कापून सेन्सर काढतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, कंपनीच्या हायवे मदतीच्या नंबरला फोन करून स्कॅनर लावून घ्या. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात तो युरिया पण चांगलाच टाका, भेसळीच्या युरियाने सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग जातो आणि तो फार महाग असतो.

नॅशनल हायवेला गाडी धोक्याच्या जागी बंद पडली तर १०३३ लावा, पेट्रोलिंग आणि क्रेन येते, खाजगी क्रेनवाल्याशी रात्रीचा भाव करत बसू नका. इन्शुरन्समध्ये नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, पॉलिसीत टायर धरलेले असतील आणि त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतं, आणि तेही टायरच्या किमतीच्या साधारण अर्धे.

टायरची वही ठेवा. कुठल्या जागेवर कुठला नंबर, किती किलोमीटरला चढवला, कधी जागा बदलली, रिमोल्ड कधी. बिल त्याच वहीत लावा, कारण नव्या टायरला फुगा आला किंवा नक्षी सुटली तर कंपनी उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने क्लेम देते, तेव्हा डीलर पहिल्यांदा बिल आणि नंबर मागतो.