थंडीत जास्वंदीची काडी बुडाशी काळी पडत असेल तर

ठाण्यात येऊरच्या बाजूची गॅलरी. डिसेंबरात लावलेली प्रत्येक काडी वर हिरवी, बुडाशी काळी. बागेची माती, मध, रोज पाणी, सगळं केलं. दोन हिवाळे फार वाईट वाटलं.

शेवटी जमलं ते असं: पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जून अशी पाच इंची फांदी, डोळ्याच्या (पान फुटतं त्या सांध्याच्या) लगेच खाली कापलेली. वरची दोनच पानं ठेवली, तीही अर्धी. बुडाला आयबीएची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची पावडर. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं, मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये इतकंच ओलं. आधी भोक, मग काडी, नाहीतर पावडर पुसली जाते. वरून झाकायला कापलेली बाटली.

खरी अडचण गारव्याची होती. मुळांना साधारण 21 ते 27 अंश ऊब लागते, म्हणून दिवसा खिडकीतला उजेड आणि रात्री कुंडी घरात, फरशीवर नाही. सातव्या आठवड्यात काडी हलकेच ओढली, तर जागची हलेना!