चिकन वरून पिठूळ, आतून कोरडं

लिंबू जास्त, वेळ जास्त, म्हणजे चिकन जास्त मऊ, असा माझा हिशेब. रात्रभर मुरवलेला तुकडा बोटाने दाबला तर कड पांढरट, पिठूळ. तव्यावर नुसतं पाणी सुटलं, रंग काही येईना. आंबटामुळे वरचा थर आधीच शिजल्यासारखा होतो. आत खोलवर मुरतं ते मीठ.

आता किलोला दोन छोटे चमचे मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये, लिंबू शेवटचा अर्धा तास. भाजण्याआधी तुकडे कागदाने कोरडे टिपते. (हे फार उशिरा कळलं, आणि रंग खरा यानेच आला.) सुरी खुपसून रस बघणं सोडलं, सगळ्यात जाड भागात थर्मामीटरने ७४ अंश सेल्सिअस दाखवले की गॅस बंद. उरलेला कच्चा मसाला वरून ओतत नाही, टाकूनच देते.