नवी कानस आधी पितळेवर चालवा

नवी कानस आणली की थेट लोखंडावर घासू नका. पितळेला धारदार दात लागतात. बोथट कानस त्यावरून नुसती घसरते. म्हणून आधी ती पितळेसाठी ठेवा, धार जरा उतरली की लोखंडाला घ्या. अ‍ॅल्युमिनियम घासण्याआधी दातांवर साधा खडू फिरवा, कीस सहसा अडकत नाही. अडकलाच तर दातांच्या ओळीच्या दिशेनेच तारेचा ब्रश मारा; हट्टी कण पितळेच्या पट्टीच्या टोकाने ढकलून काढा. आणि मुठीशिवाय कानस कधीच धरू नका, मागचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. खणात एकावर एक टाकलेल्या कानशी पाहिल्या की जीव हळहळतो: दातांवर दात आपटून त्या न वापरताच बोथट होतात. प्रत्येक कानस वेगळ्या कापडात गुंडाळा.