दिल्लीतील राष्ट्रीय सोहळे आणि वास्तू: छायाचित्रणासाठी जागा व वेळ कशी निवडावी

नवी दिल्लीतील वास्तू आणि तिथले राष्ट्रीय सोहळे टिपायचे असतील, तर कोणती लेन्स न्यावी याचा विचार करण्यापूर्वी दिशा समजून घ्याव्यात. पश्चिमेला राष्ट्रपती भवन, पूर्वेला इंडिया गेट आणि दोहोंना सरळ रेषेत जोडणारा कर्तव्यपथ अशी या भागाची आखणी आहे. त्यामुळे सकाळी राष्ट्रपती भवनाच्या दर्शनी बाजूवर ऊन पडते, तर राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर आहे, तिथून इंडिया गेट उजेडाविरुद्ध दिसते. संध्याकाळी हे चित्र उलटते. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा पश्चिमाभिमुख असल्याने 15 ऑगस्टच्या सकाळी ध्वजारोहण होते तेव्हा सूर्य किल्ल्याच्या मागे असतो. केवळ वास्तूचे छायाचित्र हवे असेल, तर तिथे दुपार कलल्यावर जावे.

राष्ट्रपती भवनाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या विजय चौकाच्या दिशेने जसजसे जवळ जावे, तसतशी इमारत टेकडीच्या चढाआड बुडत जाते आणि शेवटी घुमटाचा वरचा भागच उरतो. या चढावरूनच राष्ट्रपती भवनाचे वास्तुविशारद लट्यन्स आणि समोरच्या दोन सचिवालय इमारती, म्हणजे नॉर्थ व साउथ ब्लॉक, उभारणारे हर्बर्ट बेकर यांच्यात मोठा वाद झाला होता. छायाचित्रकाराने त्या वादात न पडता सरळ मागे सरावे, कर्तव्यपथावर इंडिया गेटच्या बाजूला जावे आणि 200 ते 300 मिलिमीटरच्या लेन्सने चित्र घ्यावे. दोन्ही सचिवालयांच्या मधोमध घुमट असा भरून येतो, की जवळून घेतलेल्या कोणत्याही चित्रात ती भव्यता सापडत नाही. जानेवारीत सकाळी दाट धुके असेल, तर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) थोडे वाढवावे, नाहीतर कॅमेरा त्या पांढुरक्या धुक्याला मळकट राखाडी करून टाकतो.

26 जानेवारीचे संचलन विजय चौकाकडून इंडिया गेटकडे, म्हणजे पूर्वेकडे जाते. साडेदहाच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असतो. त्यामुळे पथाच्या दक्षिणेच्या बाजूला बसणाऱ्यांच्या पाठीशी उजेड राहतो, तर उत्तरेकडे बसणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन येते. आपल्याला उत्तरेकडची जागा मिळाली, तर फेट्यांचे तुरे आणि संगिनींची टोके यांच्या कडांवर चमकणारा उजेड टिपावा. चेहरे स्पष्ट येतील ही अपेक्षा तिथे धरू नये. हवाई संचलनाची विमाने सहसा राष्ट्रपती भवनाच्या दिशेने येतात. लढाऊ विमानांसाठी शटरचा वेग 1/1000 सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा, पण हेलिकॉप्टरसाठी तो 1/250 च्या आसपास उतरवावा. अन्यथा पाती जागच्या जागी थिजल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगून ठेवल्याचा भास होतो.

तिकिटासोबतच्या सुरक्षाविषयक सूचना आधी वाचाव्यात हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो, कारण प्रतिबंधित वस्तूंच्या यादीत कॅमेरा, दुर्बीण, बॅग आणि पॉवर बँक यांचाही समावेश असतो. मोबाइल हेच साधन हाती उरणार असेल, तर वरील सारा विचार अधिकच उपयोगी पडतो, कारण जागा चुकली तर मोबाइलला ती चूक झूमने झाकता येत नाही. जानेवारीत कर्तव्यपथावर सकाळी संचलनाचा सराव चालतो आणि 23 तारखेला संपूर्ण रंगीत तालीम होते. सोहळ्याचा क्रम तेव्हाच पाहून ठेवावा.

माझ्या मते छायाचित्रणाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध सोहळा 29 जानेवारीचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांचा लष्करी वाद्यवृंदांसह होणारा समारोप, हा आहे. विजय चौकात पश्चिमेकडे तोंड करून बसले, की सूर्य डावीकडे साउथ ब्लॉकच्या बाजूला उतरत जातो आणि सचिवालयांच्या कठड्यांवर सीमा सुरक्षा दलाचे उंटस्वार निश्चल उभे असतात. त्यांच्या छायाकृती हव्या असतील, तर आकाशावर एक्स्पोजर बेतून ते एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी करावे. उंटाची मान आणि स्वाराचा तुरा आकाशाच्या पार्श्वभूमीवर सुटा दिसेल, अशी चौकट धरावी. मागे घुमट किंवा खांब आला तर आकृती त्यात मिसळून जाते. वाद्यवृंद चालत असताना मात्र शटर 1/250 च्या खाली नेऊ नये. ध्वज उतरवले जातात, इमारती दिव्यांनी उजळतात आणि त्यानंतर जेमतेम वीस मिनिटे आकाशात गडद निळाई टिकते. ट्रायपॉड नसतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आधीच वाढवून ठेवावा आणि कोपरे छातीशी घट्ट धरावेत.

गर्दी टाळायची असेल, तर राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात शनिवारी होणाऱ्या गार्ड बदलाच्या सोहळ्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी. 1773 मध्ये उभारलेले राष्ट्रपती अंगरक्षक दल तिथे घोड्यांवरून येते. बहुतेक घोडे गडद तांबूस, पण तुतारीवाल्याचा घोडा राखाडी असतो. एकाच रंगाच्या रांगेत तो लगेच उठून दिसतो, म्हणून चौकटीचा केंद्रबिंदू त्यालाच करावे. भाल्यांवरच्या लाल-पांढऱ्या पताका वरच्या कडेला कापल्या जाऊ नयेत, यासाठी कॅमेरा उभा धरणे सोयीचे पडते.

ड्रोनचा विचार या भागात मनातही आणू नये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते.

चित्ररथांसाठी मात्र कर्तव्यपथावर फार जीव आटवू नये. 2018 साली पहिला क्रमांक मिळवणाऱ्या महाराष्ट्राच्या शिवराज्याभिषेकाच्या रथासारखे काम असेल, तर तो समोरून सरकत असताना त्यातले बारकावे हाती लागत नाहीत. संचलनानंतर लाल किल्ल्यावर भरणाऱ्या भारत पर्वात चित्ररथ उभे करून ठेवलेले असतात. तिथे सूर्यास्तापूर्वी तासभर आधी पोहोचावे, प्रथम पूर्ण रथ आणि मग मूर्तींचे चेहरे टिपावेत, कारण अंधार पडल्यावर रंगीत दिव्यांमुळे मूळ रंग ओळखू येत नाहीत.